चार नंबरचे मोजे

आज सकाळी टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईंनी जाहीर केलं, की या वर्षीचं पहिलं कोगाराशी काल येऊन गेलं. कोगाराशी म्हणजे झाडं वाळवून टाकणारा उत्तरेचा वारा. या देशात त्याचीही नोंद होते, दारात आलेल्या पाहुण्याचं नाव विचारून घ्यावं तशी. मग बाईंनी रोजच्याप्रमाणे कपड्यांचंही सांगितलं: आज जाड कपडेसुद्धा दुपारपर्यंत वाळतील. मी गॅलरीत गेले. समोरच्या गिंकोच्या झाडाची पानं हळदीत लोळल्यासारखी पिवळी झालेली, खाली लावलेल्या सायकलींच्या सीटवर, टोपल्यांत पडलेली. हवेत ओल नावाला नाही. ओठ फुटतात, स्वेटर काढताना चटचट वाजतो. धुणं करणाऱ्या बाईला याच्याइतका चांगला ऋतू नाही. तरी हा वारा सुटला की दर वर्षी मला आधी माझी एक चूक आठवते, आणि मग हळूहळू मान ताठ होत जाते.

इथली माणसं ऋतू फुलांवरून ओळखतात, पानांवरून ओळखतात. मी मोज्यांवरून ओळखते. जूनच्या मोज्यांत चिखल नुसता लागलेला नसतो, तो आत मुरलेला असतो आणि पाण्यात टाकला की बादलीचा चहा होतो. ऑगस्टचे मोजे वाळले की त्यांच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, समुद्राच्या काठावर उमटाव्यात तशा. आणि नोव्हेंबरचे मोजे कोरडे, हलके. झटकले की धूळ आणि पिवळं गवत खाली पडतं, साबणाला फारसं काम उरत नाही. काम सोपं झालं की समजावं, सीझन संपत आलाय.

मी ज्या धुलाईघरात काम करते ते एका फुटबॉल क्लबचं आहे. क्लब दुसऱ्या फळीतला. नाव सांगितलं तरी टोकियोतल्या लोकांना थोडं आठवावं लागतं, म्हणून सांगत नाही. आम्ही राहतो त्या ग्योतोकुहून सायकलनं खाडीच्या कडेकडेनं पंचवीस मिनिटं. आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या मराठी घरांतले पुरुष कॉम्प्युटरवाले, बायकाही शिकलेल्या, कुणी एम.एस्सी., कुणी इंजिनियर. आमचे हे स्टेशनजवळच्या इंडियन हॉटेलात कुक. मी नववीत शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात दोन भाऊ होते, त्यात न समजण्यासारखं काही नाही.

कोल्हापूरचं म्हटलं की लोक चपलांचं विचारतात, तांबड्या रश्शाचं विचारतात. फुटबॉलचं कुणी विचारत नाही. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मॅचच्या दिवशी शेजारच्या पेठेतल्या सख्ख्या मावशीशी बोलणं बंद. दोघं भाऊ तालमीच्या टीमकडून खेळायचे आणि त्यांच्या जर्सी, त्यांचे मोजे धुवायचे मी. दगडावर, रिठ्याच्या पाण्यात, मग चुन्याच्या भिंतीवर पसरून. मैदानावर मी कधी गेले नाही. पण कोण कसा खेळला ते मला न विचारता कळायचं. ढोपराला माती लागलीय की पाठीला, एवढं बघितलं की पुरे.

क्लबच्या कामासाठी फॉर्म भरायचा होता. शिक्षणाच्या चौकटीत काय लिहावं हे कळेना, म्हणून ती कोरी ठेवली आणि रात्रभर त्या चौकटीचाच विचार केला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना इथं आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. पण काम मिळायला हवं ना. समोर बसले होते कुरोदा-सान. साठीचे, बारीक, कानामागे पेन्सिल. त्यांच्या हुद्द्याला इथं होपेइरो म्हणतात. शब्द पोर्तुगीज, ब्राझीलच्या खेळाडूंबरोबर आलेला. टीमचे बूट, जर्सी, मोजे, टॉवेल, सगळ्याचा कारभार ज्याच्याकडे तो होपेइरो. त्यांनी फॉर्म पाहिलाच नाही. एक चिखलाचा मोजा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हं."

मी मोजा उलटा केला, आधी कोरडाच झटकला, मग साबणाची वडी तळव्यावर घासली आणि मुठीवर मूठ चोळायला लागले. अर्ध्या मिनिटानं ते म्हणाले, "सोमवारपासून."

तेव्हापासून फॉर्मवर कोरी राहिलेली ती चौकट माझ्या मनात आहे, आणि तिच्यात कुरोदा-सानांचा तो "हं" लिहिलेला आहे.

*

चार नंबर म्हणजे आर्नो. जर्मन. आडनाव जर्सीवर मावायचं नाही म्हणून नावच छापलेलं. मी कामाला लागले त्या वर्षी तो छत्तीस वर्षांचा होता. उंची दाराच्या चौकटीएवढी, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण, केस विरळ. बचावातला माणूस. गोल करणाऱ्यांची चित्रं स्टेडियमबाहेर लागतात. गोल अडवणाऱ्याचं चित्र कुणी लावत नाही.

पण क्लबमध्ये त्याला जो मान होता तो चित्रांचा नव्हता. तो मिळाला दोन हजार अकराला, मोठा भूकंप झाला त्या वर्षी. तेव्हा आम्ही इथं नव्हतो, मी ऐकलंय ते कुरोदा-सानांकडून. आमच्या सरावाचं मैदान खाडीत भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे. त्या दिवशी जमीन हलली आणि खालची वाळू पाण्यासकट वर उफाळून आली. गोलपोस्ट तिरके झाले, कुंपणाचे खांब आत गेले. परदेशी खेळाडूंपैकी दोघं महिन्याभरात आपापल्या देशी गेले आणि परतले नाहीत. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. आणि त्याच उन्हाळ्यात हा जर्मन इथं आला. त्याची आई रोज फोन करून म्हणायची, सगळे तिथून निघतायत आणि तू कुठे निघालास? सुट्टीच्या दिवशी तो फावडं घेऊन शेजारच्या वस्तीत गेला आणि गटारांतली वाळू उपसत बसला. "उपसायला काही खास येत नव्हतं त्याला," कुरोदा-सान सांगतात. "सगळी वाळू शेजाऱ्याच्या दारात टाकत होता."

एवढंच सांगतात. पण सांगताना कानामागची पेन्सिल काढून हातात घेतात.

मी कामाला लागले त्या वर्षी, म्हणजे त्याच्या आठव्या सीझनला, ऑगस्टमध्ये त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. स्ट्रेचरवरून बाहेर नेला. सप्टेंबरात क्लबनं जाहीर केलं, की हा सीझन संपला की आर्नो निवृत्त. नोव्हेंबरच्या मधे घरच्या मैदानावर शेवटची मॅच होती. टीम खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या काठावर, त्यामुळे कोचला भावनेपोटी कुणाला उतरवणं परवडणार नव्हतं. दोन आठवडे पूर्ण सराव केलास तर बघू, असं त्याला सांगितलेलं. तो सराव करत होता. एकदा धुलाईघराच्या दारात बूट सोडता सोडता तो मला म्हणाला. त्याचं जपानी मोडकं, माझंही मोडकं, पण दोघांचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळे निभायचं.

"तीन क्लब सोडले मी. दोन वेळा स्ट्रेचरवर, एकदा ऑफिसच्या दारातून. या वेळी मैदानातून चालत बाहेर यायचंय. बस."

"येणार की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण ते वाक्य माझ्या अंगावर राहिलं. कपड्याच्या घडीत टाचणी राहावी तसं.

*

आता माझी चूक सांगते.

ऑक्टोबरच्या शेवटी चार नंबरची जाळीची पिशवी मशीनमधून काढली, तर त्याच्या मोज्यांना भोकं. एका जोडीला नाही, आठही जोड्यांना. मागच्या बाजूला, पोटरीवर, आवळ्याएवढी. मला भरून आलं. इतका मोठा माणूस, इतकी वर्षं या क्लबसाठी राबला, आणि आता चाललाय म्हणून त्याला नवे मोजेही कुणी देत नाही? आमच्याकडे नाही का, निवृत्तीला आलेल्या कारकुनाला मोडकी खुर्ची देतात. मी कुणाला काही बोलले नाही. दोन दिवस काम उरकून खिडकीपाशी बसायचे आणि रफू करायचे. माझी आत्या शाली, पैठण्या रफू करायची, तिच्याकडून हात शिकलेला. उभे धागे ताणून घ्यायचे, मग आडवे, एक वरून एक खालून, वीण अशी घट्ट की भोक कुठे होतं ते बोटाला कळावं पण डोळ्याला नाही. आठ जोड्या, सोळा भोकं. शेवटचा टाका दातानं तोडला तेव्हा मला वाटलं, या क्लबचं मी जे देणं लागते त्यातलं जरासं आज पोचतं झालं.

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना मी वाळत घालत होते. एकदम मैदानावरचा आवाज थांबला. आर्नो गवतावर बसला होता, उजवा पाय लांब करून. ट्रेनर त्याचा तळवा मागे दाबत होता. पोटरीत गोळा आला होता. तो लंगडत आत गेला, जाताना त्यानं वाकून मोजा खाली ओढला आणि त्या रफूवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी कुरोदा-सानांनी एक मोजा टेबलावर ठेवला. "हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"फाटले होते."

त्यांनी मोजा उलटून वीण बघितली. मग हळू आवाजात सांगितलं, की फाटले नव्हते. त्यानं स्वतः कात्रीनं कापले होते, पोटरी फाटल्यानंतर सराव पुन्हा सुरू केला तेव्हा. मोजा पोटरीला आवळतो, रक्त अडतं, गोळा येतो. म्हणून हल्ली पुष्कळ खेळाडू मागून भोकं पाडतात. आणि मी त्या प्रत्येक भोकात, कापडाहून दुप्पट जाड, घट्ट गाठीसारखं ठिगळ विणून ठेवलं होतं. नेमकं दुखऱ्या जागेवर.

इथल्या कामाच्या ठिकाणी एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात: होउ, रेन, सोउ. झालं ते सांगा, चाललंय ते कळवा, करायच्या आधी विचारा. माझ्या नोटवहीच्या पहिल्या पानावर मी तो देवनागरीत लिहून ठेवला होता. पण आम्ही वाढलो ते वेगळ्या शाळेत. न सांगता भांडी घासलेली असली की पोरगी गुणाची. विचारून केलं तर आई म्हणणार, आता तेही विचारायला हवं होय गं? न सांगता केलेलं काम हाच जिथं मोठेपणा, तिथून मी आलेली. आणि इथं न विचारता केलेलं चांगलं कामसुद्धा चूकच.

घरी येऊन यांना सांगितलं. हे कांदा चिरत होते. "तुला कुणी सांगितलं हुतं काय?" म्हणाले.

"कुणी नाही."

"मग? तुझं हे असंच. लग्नात माझा नवा शर्ट आपणहून ढिला केलास, नवरदेव उसना आणल्यागत दिसत हुतो मी."

मी हसले आणि मग रडायला लागले. काम जाईल ही भीती होतीच. कोऱ्या चौकटीवाल्या बाईला दुसरं काम कोण देणार? पण त्याहून वाईट म्हणजे, तो चालत बाहेर येणार नाही. माझ्यामुळे. ज्या माणसाला फक्त एवढंच हवं होतं त्याच्या पायात मी गाठ मारून ठेवली होती. सई, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. ती जपानीतच म्हणाली, "मग सॉरी म्हण ना त्याला. मम्मा, तू सॉरी फक्त कुरोदा-सानांना म्हणतेस."

सकाळी सातला मी मैदानावर. आर्नो सगळ्यांच्या आधी यायचा, ते ठाऊक होतं. मी कमरेतून वाकले, इथल्या रीतीनं, आणि वाकलेलीच राहिले. पाठ केलेली सगळी जपानी वाक्यं विसरले. फक्त म्हणाले, "मोजे. मी. माफ करा. फाटके वाटले."

मान वर केली तर तो पोट धरून हसत होता, आवाज न करता.

"माझ्या आईनंही केलं होतं," तो म्हणाला. "अगदी हेच. गेल्या वर्षी आली होती तेव्हा. आख्खं मैदान माझ्यावर हसलं होतं. पण तिचा टाका तुझ्याइतका चांगला नाही."

"पण गोळा..."

"गोळा वीस वर्षं येतोय. तू मला भेटून सहा महिने झाले." मग म्हणाला, "रफू उसवू नकोस. ते मोजे मी घरी नेणार. नव्या जोड्या काप. पण मला विचारून, कुठे ते मी दाखवतो."

तो स्टुलावर बसला, पेनानं मोज्यावर खूण केली, आणि मी कात्री चालवली. कापलेल्या कडेतून धागे सुटायला लागले तेव्हा मी नोटवही आठवून आधी विचारलं, "कडेला काजटाका घालू का? बटणाच्या भोकाला घालतात तसा. आवळणार नाही, उसवणारही नाही."

"घाल," तो म्हणाला.

कुरोदा-सान दारात उभे राहून बघत होते. संध्याकाळी माझ्या टेबलावर बारीक सुयांचं एक नवं पाकीट होतं.

*

त्यानंतरच्या आठवड्यात त्यानं एक मोठी बॅग आणली. शेवटच्या मॅचच्या दिवशी क्लबला त्याच्या सगळ्या जुन्या जर्सी स्टेडियमच्या मार्गिकेत लावायच्या होत्या. "मशीनमध्ये नको," तो म्हणाला. "हातानं धुशील?"

माणसाचं आयुष्य हातानं धुवायला मिळावं असं काम मला पुन्हा मिळालेलं नाही.

सर्वांत खाली होती त्याच्या गावच्या टीमची. जाड सुती, तपकिरी, छातीवर गावातल्या बेकरीचं नाव. कोपराला आईचा टाका, आडवातिडवा. पाण्यात टाकली तर वास आला, जुन्या कपाटाचा आणि आत कुठेतरी धुराचा. मग एक पांढरीशुभ्र, रेशमासारखी. मोठ्या शहराच्या मोठ्या क्लबची. तिला धुण्यासारखं काही नव्हतंच. "ही सोपी आहे," तो म्हणाला, "हिच्यात घाम नाही. दोन वर्षं बाकावर बसलो. तीन मॅच खेळलो, त्याही शेवटची काही मिनिटं." पुढची निळी, खांद्याला बुटाच्या खिळ्यानं फाडलेली आणि गळ्याशी गंजासारखा डाग. तो डाग मी घासला नाही, विचारलं. "राहू दे," म्हणाला. त्या दिवशी कपाळ फुटलं होतं आणि तो पट्टी बांधून खेळला होता. त्याच क्लबमध्ये पुढे गुडघा गेला, पहिलं स्ट्रेचर तिथलं. एक हिरवी होती, तिच्या छातीवरची अक्षरं सोलून निघालेली. त्या क्लबचं दिवाळं वाजलं होतं. शेवटचे दोन महिने खेळाडूच मैदानाचं गवत कापत होते आणि तरी शनिवारी खेळत होते; त्यातल्या शेवटच्या शनिवारी त्याचं दुसरं स्ट्रेचर. मग आमच्या. आठ वर्षांच्या आठ, पहिलीच्या बाह्यांत अजून बारीक करडी वाळू. शिवणीत अडकलेली. इतक्या धुण्यांतून राहिलेली ती वाळू मी काढली नाही.

सगळ्या एका दोरीवर वाळत घातल्या. वारा सुटला होता, हाच, उत्तरेचा. बाह्या हलत होत्या. मी खाली उभी राहून बघत होते आणि मला एक गोष्ट समजली, ती शाळेत राहिले असते तरी समजली नसती. धुणाऱ्याला जिंकलेली जर्सी आणि हरलेली जर्सी ओळखता येत नाही. पाणी दोन्हींचं सारखंच गढूळ होतं. ओळखू येते ती फक्त न घातलेली.

दिवाळी त्याच दिवसांत आली. बिल्डिंगमधल्या केतकीच्या घरी सगळ्यांचा एकत्र फराळ होता; केतकी पुण्याची, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, मनानं चांगली. मी चकल्या नेल्या होत्या. कुणीतरी विचारलं, सध्या काय चाललंय, आणि मी न राहवून आर्नोबद्दल बोलायला लागले. केतकीच्या नवऱ्यानं तिथल्या तिथे मोबाइल काढला.

"थांबा हं वहिनी, बघतो. हा... जर्मनीत वरच्या लीगमध्ये मॅचेस तीन. गोल शून्य. मग खाली, मग आणखी खाली." त्यानं चकली मोडली. "म्हणजे तसा कोणी ग्रेट नव्हता."

"अहो, दिवाळीला तरी कुणाला नापास करू नका," केतकी म्हणाली.

एरवी मी अशा बैठकीत दाराजवळची जागा धरून बसते. बोलायची वेळ आली तर आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. त्या दिवशी मात्र तोंडातून आलं ते आलंच.

"त्या मोबाइलमध्ये बाकावर बसलेली दोन वर्षं लिहिलीत का? गवत कापलं ते लिहिलंय? भूकंपानंतर आला ते? सतरा वर्षं खेळला भाऊजी, सतरा. कुणी चित्र लावत नसताना. तीन मॅच खेळून चौदा वर्षं आणखी खेळायला काय लागतं, ते मोजायला त्यात जागा नसेल."

मला वाटलं, झालं, पुढच्या दिवाळीला बोलावणं नाही. केतकीच्या नवऱ्यानं मोडलेली चकली ताटलीत ठेवली. मग मोबाइल उलटा ठेवून म्हणाला, "वहिनी, तिकिटं कुठे मिळतात?"

*

मॅचच्या दिवशी दुपार लख्ख होती. मार्गिकेत जर्सी लागल्या होत्या. लोक थांबून बघत होते, बेकरीच्या नावापुढे एक म्हातारी बाई हात जोडून उभी होती, का कोण जाणे. सई आणि केतकीचं कुटुंब कोपऱ्यातल्या स्टँडमध्ये. आर्नो राखीव खेळाडूंत. बरोबरी झाली तरी टीम तरत होती, हरलो तर खाली.

धुलाईघरातली पार्ट-टाइम बाई मैदानापाशी जात नाही, तिची जागा आत. पण मध्यंतरानंतर कुरोदा-सानांनी टॉवेलांची टोपली माझ्या हातात दिली आणि खेळाडू मैदानात जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं. माझ्या शेजारी स्ट्रेचरवाले दोघं बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. भावांच्या इतक्या मॅचचे कपडे धुतले मी, पण मैदान इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज ओला कपडा दगडावर आपटावा तसा येतो, हे मला माहीत नव्हतं.

एक-एक बरोबरी. वीस मिनिटं उरलेली असताना आमचा बचावातला खेळाडू खाली बसला, त्याला पुढे खेळवेना. कोचनं बाकाकडे वळून पाहिलं. एका तरुण खेळाडूकडे, मग आर्नोकडे. त्यात दोन सेकंदही गेले नसतील. मी टोपलीची कड धरून ठेवली होती. कोचनं बोट दाखवलं आणि आर्नोनं जॅकेट काढलं.

पुढची वीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. चेंडू कमी आणि त्याची पोटरीच जास्त पाहिली मी. तो पळत फार नव्हता. चेंडू जिथे यायचा असेल तिथे तो आधीच असायचा, पंगतीत वाढप्याला कुठलं पान रिकामं होणार ते आधीच कळावं तसा. एकदा डोक्यानं काढला. एकदा अंग आडवं टाकलं, चेंडू पोटावर बसला, आणि तो उठताना मी उजव्या पायाकडे पाहिलं. पाय सरळ झाला. शेवटी शेवटी तर सगळी समोरची टीम आमच्या गोलपुढे आलेली. कॉर्नर, पुन्हा कॉर्नर. तो हात वर करून ओरडत होता, जपानीत, माझ्यासारख्याच मोडक्या जपानीत, आणि दहाही जण ऐकत होते. एकदा त्यानं वाकून पोटरी धरली. शेजारचे स्ट्रेचरवाले अर्धवट उठले.

"बसा," कुरोदा-सान त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

ते बसले.

शिट्टी वाजली. एक-एक. तरलो होतो. आणि जो काही ताण होता तो एकदम सुटला तसे सगळे खेळाडू जागच्या जागी कोसळले. आमचे, त्यांचे, गोलकीपरसुद्धा; कुणी पालथं, कुणी उताणं, कुणी तोंडावर हात घेऊन. हिरव्या मैदानावर बावीस माणसांपैकी एकवीस आडवी झालेली. उभा होता तो फक्त छत्तीस वर्षांचा आर्नो, ज्याच्या पायांची सगळ्यांना धास्ती होती.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग एकेकाजवळ गेला, हात धरून एकेकाला उठवत. आमच्याही आणि समोरच्याही. घाई अजिबात नव्हती. स्टँडमधून त्याचं नाव यायला लागलं, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. कुरोदा-सानांनी टोपी काढली होती. मी टोपली खाली ठेवायची विसरले होते.

शेवटच्या माणसाला उठवून तो आमच्या बाजूला आला. पांढऱ्या रेषेशी थांबला, खाली बघितलं. नवी सून माप ओलांडून घरात येताना ठेवते तसा त्यानं उजवा पाय आधी उचलला. हा मात्र बाहेर येत होता. रेषेपलीकडे पाऊल टेकलं, त्याच्यामागून दुसरं.

चालत आला. स्वतःच्या पायांनी, चालत.